बाळंतपणाचा कागद



आज आपण एका कागदाची गोष्ट वाचणार आहोत. हा कागद जमिनीचा नाही, कर्जाचाही नाही. बाळंतपणाचा आहे. बाळंतीण घरी येते तेव्हा रुग्णालय हा कागद देते. आपण तो पिशवीत कोंबतो आणि विसरून जातो. पुढे कधी तरी त्याची गरज लागते. तेव्हा तो उंदरांनी कुरतडलेला असतो, नाही तर चुलीत गेलेला असतो. असे होऊ नये म्हणून हा पाठ.

१. दोन आया, दोन कागद

आमच्या गावी देवळाच्या ओवरीत रात्रीचा वर्ग भरतो. बायका आणि पुरुष मिळून पंधरा-वीस जण येतात. एके रात्री वर्ग सुटला, पण दोघी जणी मागे थांबल्या. एक वरच्या आळीतली, एक खालच्या आळीतली. त्यांची नावे सांगत नाही. दोघींच्या कडेवर मूल होते. दोघींच्या हातात कागद होता.

वरच्या आळीतली म्हणाली, "गुरुजी, माझं पोर चार महिन्यांचं झालं. जन्मलं तेव्हा त्याचा उजवा हात नुसता लोंबत होता. घरची मंडळी म्हणतात, डॉक्टरनं ओढून हात मोडला. ह्या कागदावर काय लिवलंय, ते सांगा."

खालच्या आळीतली काही बोलली नाही. तिचे मूल दोन वर्षांचे होत आले होते. पण ते मान धरत नव्हते. बसत नव्हते. मधूनमधून त्याला आकडी येई. तिने कागद पुढे केला. मग हळूच म्हणाली, "गुरुजी, आत्या म्हणतात, पोराचं नशीबच तसं. पर त्या रातीला मी जागी होते. मला सगळं ठावं हाय."

मी मास्तर माणूस. बाराखडी शिकवली, हिशेब शिकवले. डॉक्टरी मला येत नाही. कागदावर बरेचसे इंग्रजी अक्षर होते, तेही घाईचे. म्हणून मी म्हणालो, "उद्या आपण आरोग्य केंद्रात जाऊ. तिथल्या डॉक्टरीणबाई कागद वाचून दाखवतील. तोवर दोघींनी एक काम करा. त्या दिवशी काय काय झाले, ते आठवून वहीत लिहा. मोडकेतोडके लिहा, पण स्वतः लिहा. वेळही लिहा."

२. पहिल्या कागदाने काय सांगितले

दुसऱ्या दिवशी आम्ही आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टरीणबाईंनी वरच्या आळीतल्या बाईचा कागद आधी वाचला. बाळंतपण ग्रामीण रुग्णालयात झाले होते. बाळाचे वजन चार किलो तीनशे ग्रॅम. म्हणजे बाळ चांगलेच मोठे होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कधी कधी बाळाचे डोके बाहेर येते आणि खांदा आईच्या हाडामागे अडकतो. ही मोठी आणीबाणी असते. मिनिटे मोजकी असतात. बाळ लवकर बाहेर आले नाही, तर ते गुदमरते. अशा वेळी आईचे गुडघे तिच्या पोटाकडे दाबून धरतात. ओटीपोटावर हाडाच्या वर दाब देऊन खांदा सोडवतात. डोके धरून जोराने ओढायचे नसते. पोटाच्या वरच्या भागावरही दाबायचे नसते."

कागदावर हे सारे लिहिलेले होते. डोके केव्हा आले, खांदा केव्हा सुटला, कोणी कोणी काय केले, सर्व वेळेसह लिहिले होते. हात हलत नाही, हेही त्याच दिवशी लिहिले होते. बाळाला व्यायामासाठी जिल्हा रुग्णालयात न्यावे, असा सल्लाही होता.

मानेतून हाताकडे शिरा जातात. बाळ अडकले की त्या शिरा ताणल्या जातात. मग हात लुळा पडतो. नीट काळजी घेऊनही हे घडू शकते. बऱ्याच बाळांचा हात काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुधारतो. तीन महिन्यांनंतरही कोपर वाकत नसेल, तर मोठ्या डॉक्टरांना दाखवावे लागते.

त्या बाळाचा हात आता कोपरात वाकू लागला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाई, ह्या डॉक्टरांनी तुमच्या लेकराचा जीव वाचवला आहे. आता व्यायाम सोडू नका."

वरच्या आळीतल्या बाईने कागदाची घडी घातली. घरची मंडळी रुग्णालयावर चालून जायला निघाली होती. एका कागदाने ते थांबले.

३. दुसऱ्या कागदाने काय सांगितले

मग खालच्या आळीतल्या बाईचा कागद पुढे आला. बाळंतपण तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात झाले होते. घरच्यांनी अठ्ठावीस हजार रुपये भरले होते. पावती तिने जपून ठेवली होती, हे तिचे शहाणपण.

तिच्या वहीत असे लिहिले होते:

"सांजच्याला चार वाजता गेलो. राती नऊ वाजता सलाइन लावली. त्यात कळा वाढवायचं इंजेक्शन घातलं. डॉक्टर घरी गेले. एक पोरगी होती ती झोपली. कळा थांबेनात. मी आरडले. ती म्हणाली सगळ्याच आरडतात. पहाटे साडेपाचला डॉक्टर आले. बाळ रडलं नाही. निळं होतं. नऊ वाजता जिल्ह्याला न्या म्हणाले."

एवढे लिहायला तिला दोन तास लागले होते. मी तिची वही तपासली नाही. तिच्या एकाही अक्षराला मी लाल शाई लावली नाही.

डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याचा कागद उलटसुलट पाहिला. मग जिल्हा रुग्णालयाचे कार्ड पाहिले. त्यावर लिहिले होते की, जन्मताना बाळाचा श्वास गुदमरला. त्या गंभीर झाल्या आणि म्हणाल्या, "पोटातल्या बाळाचे ठोके साधारणपणे मिनिटाला ११० ते १६० असतात. कळा चालू असताना ते दर अर्ध्या तासाला तरी ऐकायचे असतात. कळा वाढवण्याचे औषध चालू असेल, तर जास्तच लक्ष ठेवावे लागते. कळा फार जोराच्या आणि लागोपाठ आल्या, तर बाळाला प्राणवायू कमी पडतो. ठोके बिघडले, तर औषध बंद करायचे, डॉक्टरांना बोलवायचे, गरज पडली तर शस्त्रक्रिया करायची. बाळ जन्मल्यावर रडले नाही, तर पहिल्या मिनिटातच त्याला श्वास द्यायला लागायचे."

"मग कागदावर काय हाय?" बाईने विचारले.

"हा फक्त घरी सोडतानाचा कागद आहे. रात्रीची नोंद ह्यात नाही. आतला केस पेपर मागवा. रात्री नऊ ते पहाटे साडेपाच एवढ्या वेळात बाळाचे ठोके किती वेळा पाहिले, ते त्यात दिसेल. कागद बोलतो. कागदावर जे लिहिलेले नसते, तेही बोलते."

पण त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ती आपण नीट ध्यानात घेतली पाहिजे. मुलाच्या ह्या दुखण्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. म्हणजे मेंदूला इजा होऊन हातपाय ताठणे किंवा लुळे पडणे. ही इजा दर वेळी बाळंतपणातच होते असे नाही. बाळ दिवसांआधी जन्मले, पोटात असताना जंतूंची बाधा झाली, जन्मल्यावर कावीळ फार वाढली, तरीही असे होते. म्हणून "मूल अधू झाले, म्हणजे डॉक्टरच दोषी" असे म्हणता येत नाही. तपासावे लागते.

४. चूक आणि हलगर्जीपणा

कायदा काय म्हणतो? उपचार फसला, एवढ्याने डॉक्टर दोषी ठरत नाही. प्रत्येक डॉक्टर सर्वांत हुशार असावा, अशीही कायद्याची अपेक्षा नाही. साधारण जाणत्या डॉक्टराने जेवढी काळजी घेतली असती, तेवढी घेतली का, एवढेच कायदा पाहतो. ती घेतली नाही आणि त्यामुळेच नुकसान झाले, तर तो हलगर्जीपणा.

आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. गारपीट झाली आणि पीक गेले. त्यात सालगड्याचा दोष नाही. पण रात्री पाण्याची पाळी होती, पाणी सोडून तो झोपला आणि बांध फुटून पीक वाहून गेले, तर तो दोष त्याचा. पीक दोन्ही वेळा गेले. दोष मात्र एकाच वेळी आहे.

दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. पहिली, काळजी घेतली नाही. दुसरी, त्यामुळेच इजा झाली. हे सिद्ध करण्याचा भार तक्रार करणाऱ्यावर असतो. त्यासाठी कागद लागतात. बहुतेक वेळा दुसऱ्या जाणत्या डॉक्टराचे मतही लागते.

५. खरे घडलेले दोन खटले

पहिला खटला आपल्याच महाराष्ट्रातला आहे. सन १९६३. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर. तिथल्या सरकारी रुग्णालयात एक बाई बाळंत झाली. नंतर तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रियेत पोटातच एक टॉवेल राहिला. तिला ताप आला, वेदना सुरू झाल्या. पुन्हा पोट उघडले तेव्हा टॉवेल सापडला. पण उशीर झाला होता. काही दिवसांतच ती वारली. तिच्या नवऱ्याने आणि मुलांनी दावा लावला. खालच्या कोर्टाने छत्तीस हजार रुपये भरपाई दिली. वरच्या कोर्टात तो निकाल फिरला. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९६ साली निकाल लागला. न्यायालय म्हणाले, पोटात टॉवेल राहणे हाच हलगर्जीपणाचा पुरावा आहे आणि सरकारी नोकराच्या हलगर्जीपणाची भरपाई सरकारने दिली पाहिजे. छत्तीस हजारांचा हुकूम पुन्हा कायम झाला.

दुसरा खटला चेन्नईचा. १९९६ साली तिथल्या एका सरकारी रुग्णालयात एक मुलगी जन्मली. ती एकोणतिसाव्या आठवड्यातच जन्मली होती. वजन फक्त १२५० ग्रॅम. दिवसांआधी जन्मलेल्या अशा बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याला धोका असतो. म्हणून पहिल्या काही आठवड्यांतच डोळे तपासून घ्यावे लागतात. वेळेवर उपचार केला, तर दृष्टी वाचू शकते. त्या बाळाचे डोळे कोणी तपासले नाहीत. घरी सोडताना दिलेल्या कागदावर बाळाला अंगावर पाजा, मंगळवारी तपासायला या, असे लिहिले होते. डोळ्यांबद्दल एक शब्द नव्हता. मुलगी साडेचार महिन्यांची झाली तेव्हा कळले की तिला दिसत नाही. तेव्हा उपाय उरला नव्हता.

तिच्या वडिलांनी हार मानली नाही. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे एक कोटी ऐंशी लाख रुपये भरपाई दिली. झालेला खर्च धरला. पुढे लागणारा खर्च धरला. पुढच्या वर्षांत वाढणारी महागाईसुद्धा धरली.

दोन्ही खटल्यांत किती वर्षे गेली, ते पाहा. एकात तेहेतीस, दुसऱ्यात अठरा-एकोणीस. कोर्टाची वाट लांबची आहे, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. पण ती बंद नाही.

६. दाद कुठे मागायची?

ह्या कामाला चार दारे आहेत. प्रत्येक दाराचे काम वेगळे आहे.

पहिले दार, ग्राहक आयोग. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग असतो. पैसे देऊन उपचार घेतला, तर आपण ग्राहक ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली हे स्पष्ट केले. एखाद्या रुग्णालयात काहींकडून पैसे घेतात आणि गरिबांना फुकट उपचार देतात, तर तिथला गरीबही ग्राहकच धरला जातो. आईबापही ग्राहक आणि मूलही ग्राहक, असे न्यायालयाने १९९८ साली सांगितले. आज २०१९ चा ग्राहक कायदा चालू आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार देता येते. उपचाराला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला फी नाही. वकील नसला तरी चालतो. इथे नुकसानभरपाई मिळू शकते.

दुसरे दार, दिवाणी कोर्ट. ज्या सरकारी रुग्णालयात सर्वांनाच उपचार फुकट असतो, तिथल्या प्रकरणात ग्राहक आयोगाचे दार सहसा उघडत नाही. म्हणून दिवाणी दावा लावतात. औरंगाबादच्या त्या कुटुंबाने तेच केले.

तिसरे दार, महाराष्ट्र वैद्यक परिषद. हिचे कार्यालय मुंबईला आहे. डॉक्टरांची नोंदणी तिच्याकडे असते. चौकशीत दोष दिसला, तर परिषद डॉक्टराला ताकीद देते किंवा त्याचे नाव काही काळ नोंदवहीतून काढते. मग त्याला तेवढा काळ धंदा करता येत नाही. पण परिषद भरपाई देत नाही.

चौथे दार, पोलीस. हलगर्जीपणा फार भयंकर असेल, तरच फौजदारी गुन्हा होतो. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली तसे सांगितले आहे. पोलिसांना आधी दुसऱ्या तटस्थ डॉक्टराचे मत घ्यावे लागते. डॉक्टराला सरसकट अटक करता येत नाही. शिवाय शिक्षेने मुलाच्या औषधाचा खर्च भागत नाही.

पाचवे दार मात्र नाही. खालच्या आळीतल्या बाईचा दीर वर्गात येऊन म्हणाला, "गुरुजी, कागद कशाला? चार पोरं घेऊन जातो, दवाखाना फोडतो." मी त्याला खाली बसवले. म्हणालो, "बाबा, २०१० सालचा कायदा आहे. डॉक्टराला मारहाण किंवा दवाखान्याची मोडतोड केली, तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. वर मोडतोडीची दुप्पट भरपाई. आज तुम्ही फिर्यादी आहात. दगड उचलला की आरोपी व्हाल. मग ह्या लेकराकडे कोण बघणार?" तो गप्प झाला.

७. कागद कसे मिळवायचे?

खालच्या आळीतल्या बाईने दवाखान्यात जाऊन तोंडी कागद मागितले. तिथला माणूस म्हणाला, "कागद दवाखान्याचे असतात. मिळत नाहीत."

हे खरे नाही. डॉक्टरांच्या आचरणाचे नियम २००२ साली झाले. रुग्णाने कागद मागितले, तर ७२ तासांत दिले पाहिजेत, असे ते नियम सांगतात. ७२ तास म्हणजे तीन दिवस. आणि हे कागद तीन वर्षे जपून ठेवणे डॉक्टरांना बंधनकारक आहे.

मग तिने अर्ज लिहिला. वर्गात फळ्यावर आम्ही त्याचा नमुना लिहिला. सर्वांनी वहीत उतरवला. तुम्हीही उतरवा:

"डॉक्टरसाहेब यांस,
मी अमुक तारखेला आपल्या दवाखान्यात बाळंत झाले. माझ्या आणि माझ्या बाळाच्या सर्व केस पेपरांच्या नकला मला द्याव्यात. कळांची नोंद, बाळाच्या ठोक्यांची नोंद, दिलेली औषधे, बाळाच्या जन्माची नोंद, हे सर्व द्यावे. नकलांचा खर्च मी देईन. ७२ तासांत द्याव्यात, ही विनंती.
तारीख, नाव, गाव, सही."

अर्जाच्या दोन प्रती करा. एक देऊन दुसरीवर "पोहोचला" अशी सही आणि शिक्का घ्या. घेत नसतील, तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. सरकारी रुग्णालय असेल, तर माहितीच्या अधिकाराचा अर्जही करता येतो. तो कायदा २००५ चा आहे. अर्जाला दहा रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. उत्तर तीस दिवसांत यायला हवे.

तिच्या अर्जाचे उत्तर तिसऱ्या दिवशी आले. केस पेपर हातात पडला. रात्री दहाला बाळाचे ठोके लिहिलेले होते. त्यानंतर पहाटे पाचपर्यंत रकाने कोरे होते.

सात तास. कोरे.

८. मुदत मोजा

ग्राहक आयोगाकडे जायची मुदत दोन वर्षांची आहे. घटना घडली त्या दिवसापासून ती मोजतात. उशिराचे सबळ कारण पटले, तर आयोग उशीर माफ करू शकतो. पण माफी मागण्यापेक्षा वेळ पाळणे बरे. दिवाणी दाव्यात अज्ञान मुलाला कायदा जादा मुदत देतो. तिच्याही भरवशावर बसू नये. साक्षीदार विसरतात, कागद हरवतात.

मी तिला विचारले, "बाळाचा वाढदिवस कधी?"

तिने तारीख सांगितली. आम्ही भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बोट ठेवून मोजले. पाच आठवडे उरले होते. दोन वर्षे नशिबाला बोल लावण्यात गेली होती. हाती पाच आठवडे होते.

वकिलाला पैसे कोठून आणायचे? त्याचीही सोय आहे. १९८७ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे आणि तालुक्याच्या कोर्टात त्याची समिती आहे. स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती आणि जमाती, ह्यांना तिथे वकील फुकट मिळतो. स्त्रीला आणि मुलाला उत्पन्नाचा दाखलाही विचारायचा नाही. फोनचा नंबर १५१०० आहे. ग्राहकांसाठी वेगळा नंबर १९१५ आहे.

तिला वकीलबाई मिळाल्या. त्यांनी केस पेपर जिल्ह्याच्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून लेखी मत घेतले. मुदतीला सहा दिवस असताना तक्रार दाखल झाली. शेवटच्या पानावर तिने सही केली. अंगठा नाही, सही.

तक्रार आज आयोगापुढे आहे. निकाल काय लागेल, ते मी सांगू शकत नाही. दवाखान्याचेही म्हणणे ऐकले जाईल. ऐकले गेलेच पाहिजे. न्याय असाच असतो.

९. आधी लेकरू

खटला चालेल तेवढा चालो. मूल थांबत नाही. पहिल्या वर्षांत त्याचा मेंदू झपाट्याने वाढतो. तेव्हाच व्यायाम आणि उपचार लागू पडतात. म्हणून आधी उपचार, मग कोर्ट.

जिल्ह्याच्या ठिकाणी लहान मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असते. तिथे तपासणी आणि उपचार फुकट होतात. आशाताई किंवा अंगणवाडीताई वाट दाखवतात. २०१६ च्या कायद्यात सेरेब्रल पाल्सी हे अपंगत्व मानले आहे. जिल्हा रुग्णालयातून त्याचा दाखला काढावा. दाखल्यावर सवलती मिळतात. राष्ट्रीय न्यासाची निरामय नावाची विमा योजना आहे. तीत अशा मुलाच्या उपचाराला वर्षाला एक लाखापर्यंत मदत मिळू शकते.

खालच्या आळीतले मूल आता केंद्रात जाते. तिथल्या बाईंनी त्याला मांडीवर कसे धरायचे, घास कसा भरवायचा, ते आईला शिकवले. परवा वर्गात ते भिंतीला टेकून दोन मिनिटे मान धरून बसले. साऱ्या वर्गाने पाट्या खाली ठेवल्या आणि त्याच्याकडे पाहिले. आजीने डोळ्याला पदर लावला. "नशीब" हा शब्द मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही.

लक्षात ठेवा

१. बाळंतपण रुग्णालयात करा. गरज पडली तर १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवा.
२. सरकारी रुग्णालयात बाळंतपण आणि एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार फुकट आहेत.
३. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. आधी वाचा, नाही तर वाचून घ्या.
४. सर्व कागद आणि पावत्या एका पिशवीत ठेवा. बाळ मोठे होईपर्यंत जपा.
५. काय घडले, ते त्याच आठवड्यात तारीख-वेळेसह लिहून ठेवा.
६. अपाय झाला म्हणजे हलगर्जीपणा झालाच असे नाही. आधी जाणत्याला विचारा.
७. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षे.
८. हात उचलू नका. अर्ज लिहा.

कठीण शब्दांचे अर्थ

हलगर्जीपणा – घ्यायला हवी ती काळजी न घेणे.
भरपाई – नुकसानीबद्दल मिळणारे पैसे.
मुदत – ठरवून दिलेला काळ.
तटस्थ – कोणाच्याच बाजूचा नसलेला.
अज्ञान मूल – कायद्याच्या भाषेत अठरा वर्षांखालचे मूल.

प्रश्न

१. वरच्या आळीतल्या बाईने तक्रार का केली नाही?
२. केस पेपरावरचे कोरे रकाने काय सांगतात?
३. चार दारे कोणती? भरपाई कोणत्या दारांत मिळते?
४. चेन्नईच्या बाळाच्या कागदावर काय लिहायला हवे होते?
५. तुमच्या घरी शेवटचे बाळंतपण कधी झाले? त्याचे कागद आज रात्री शोधा. उद्या वर्गात आणा. आपण ते मिळून वाचू.